पहिल्या ग्रॅमीचा निकाल कसा वाचायचा?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: ४ मे १९५९ रोजी पहिला ग्रॅमी सोहळा झाला आणि १९५८ सालच्या ध्वनिमुद्रिकांना पुरस्कार मिळाले. त्यात एल्विस प्रेस्ली आणि चक बेरी यांना साधं नामांकनही नाही. फ्रँक सिनात्राला गायनाचा एकही पुरस्कार नाही. वर्षातली सर्वोत्तम रेकॉर्ड इटालियन भाषेतली. आणि खारींच्या चिरक्या आवाजातल्या एका नाताळच्या गाण्याला मात्र तीन पुरस्कार. हा निकाल गंभीरपणे घ्यायचा का?

घ्यायचा. मात्र त्यात १९५८ सालच्या अमेरिकी संगीताचा गुणानुक्रम शोधू नये. मत देणारे कोण होते, पुरस्कारांचे खाने, म्हणजे गट, कोणते आखले होते आणि मतं मोजायची रीत काय होती, एवढं कळलं की वर विचारलेल्या जवळजवळ प्रत्येक विचित्र गोष्टीचा उलगडा होतो. वरच्या खारींच्या, म्हणजे चिपमंकच्या, गाण्याला ध्वनिमुद्रणाच्या अभियांत्रिकीचा पुरस्कार मिळाला तो तर माझ्या मते त्या रात्रीच्या सर्वांत योग्य निवडींपैकी एक होता. त्याकडे येतोच.

मत कोणाचं होतं

ग्रॅमी देणाऱ्या संस्थेचा उगम विक्रीच्या निकषावरच्या आक्षेपात आहे. १९५० च्या दशकात हॉलिवूडच्या व्यापारी मंडळाने फुटपाथवर कलावंतांच्या नावाचे तारे बसवायचं ठरवलं, तेव्हा संगीतातली नावं सुचवायला रेकॉर्ड कंपन्यांच्या अधिकाऱ्यांची समिती नेमली. निकष होता किमान १० लाख रेकॉर्डी किंवा २.५ लाख अल्बम खपलेले असण्याचा. यादी करताना समितीच्या लक्षात आलं की ज्यांच्या कामाबद्दल व्यवसायात सर्वाधिक आदर आहे असे कितीतरी संगीतकार, संयोजक (कोणतं वाद्य काय वाजवेल ते लिहून देणारे) आणि वादक या आकड्याला कधीच पोचणार नाहीत. सिनेमाला १९२९ पासून, रंगभूमीला १९४७ पासून आणि टेलिव्हिजनला १९४९ पासून स्वतःचे पुरस्कार होते. ध्वनिमुद्रणाला नव्हते. २८ मे १९५७ रोजी हॉलिवूडच्या ब्राउन डर्बी या रेस्टॉरंटमध्ये बैठक झाली आणि नॅशनल अकॅडमी ऑफ रेकॉर्डिंग आर्ट्‌स अँड सायन्सेस ही संस्था उभी राहिली. कोलंबिया रेकॉर्ड्‌सचे माजी अध्यक्ष जेम्स कॉन्कलिंग पुढे होते. सोबत कॅपिटॉलचे लॉइड डन, डेक्काचे सॉनी बर्क, एमजीएमचे जेसी के, आरसीएचे डेनिस फार्नन, आणि संगीतकार-संयोजक पॉल वेस्टन.

सभासदत्व रेकॉर्ड घडवण्यात सर्जनशील वाटा असलेल्यांना: गायक, वादक, संयोजक, संगीतकार, निर्माते, ध्वनिमुद्रक, वेष्टनाचे कलादिग्दर्शक. मत त्यांचंच. विक्रेता, पत्रकार, श्रोता यांना मत नाही. शाखा सुरुवातीला दोन, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क. म्हणूनच पहिला सोहळाही एकाच रात्री दोन हॉटेलांत झाला: बेव्हर्ली हिल्समध्ये बेव्हर्ली हिल्टन, जिथे मॉर्ट साल सूत्रसंचालक होते, आणि न्यूयॉर्कला पार्क शेरटन. टीव्हीवर काही दिसलं नाही. तो व्यवसायातल्या लोकांचा रात्रीच्या जेवणाचा समारंभ होता.

आता रॉक अँड रोल कुठे तयार होत होतं ते नकाशावर पाहा. चक बेरींच्या रेकॉर्डी शिकागोच्या चेस कंपनीच्या. लिटल रिचर्ड आणि फॅट्स डॉमिनो यांचं बरंचसं गाजलेलं काम न्यू ऑर्लीन्सच्या कोझिमो मतासांच्या स्टुडिओतलं. बडी हॉलीच्या रेकॉर्डी न्यू मेक्सिकोतल्या क्लोव्हिस गावात नॉर्मन पेटींकडे झालेल्या. जेरी ली लुईस मेम्फिसच्या सन कंपनीचे. यांपैकी एकाही गावात शाखा नव्हती, म्हणजे या लोकांच्या रोजच्या कामातले सहकारी मतदारयादीत जवळजवळ नव्हतेच. १९५८ साली ‘जॉनी बी. गुड’ निघालं. आज त्या वर्षाची आठवण त्या गाण्याशिवाय पुरी होत नाही, पण मतपत्रिकेवर ते आलं नाही.

नुसत्या भूगोलाने एल्विसचं कोडं सुटत नाही हेही मान्य करायला हवं. ते आरसीएसारख्या मोठ्या कंपनीचे होते, आणि त्या कंपनीचा माणूस संस्थापकांत होता. इथे रुची येते. संस्थापक पिढी बिग बँडच्या काळात घडलेली. वेस्टन टॉमी डॉर्सींच्या बँडसाठी संयोजन करत असत. या लोकांची कौशल्याची कल्पना म्हणजे स्वरलिपीचा कागद समोर ठेवून, पंचवीस-तीस वादकांकडून तीन तासांच्या एका सेशनमध्ये तीन-चार गाणी निर्दोष काढून घेणं. दोन गिटार, ड्रम आणि तोंडी ठरवलेली चाल यांत त्यांना कारागिरी दिसत नव्हती. हा आकस होता असं मी म्हणणार नाही, पण आंधळेपणा नक्की होता, आणि त्याची किंमत संस्थेने पुढे बरीच वर्षं मोजली.

मतदार कुठले होते याचा सर्वांत ठसठशीत पुरावा निकालातच आहे, आणि सहसा तो कोणी मोजत नाही. २८ पुरस्कारांपैकी १० कॅपिटॉल या लॉस एंजेलिसच्या कंपनीच्या ध्वनिमुद्रिकांना मिळाले. लुई प्रिमा आणि कीली स्मिथ, बिली मे यांचा वाद्यवृंद, किंग्स्टन ट्रिओ, स्टॅन फ्रेबर्ग, ‘द म्युझिक मॅन’चा नाट्यसंच, सिनात्रांच्या अल्बमचं वेष्टन, रॉजर वॅग्नर कोराल, हॉलिवूड स्ट्रिंग क्वार्टेट, हॉलिवूड बोल सिंफनी, आणि लॉरिंदो आल्मेइदा व सॅली टेरी यांच्या अल्बमचं ध्वनिमुद्रण. न्यूयॉर्कच्या बलाढ्य कोलंबियाला एकही नाही, संस्थेचा म्होरक्या तिचाच माजी अध्यक्ष असूनही. अभिजात संगीतात तर गंमत अशी की वाद्यवृंदाचा पुरस्कार घेणारे संचालक फेलिक्स स्लॅटकिन आणि बेथोव्हेनच्या चौकडीसाठी पुरस्कार घेणाऱ्या हॉलिवूड स्ट्रिंग क्वार्टेटचे पहिले व्हायोलिनवादक हे एकच गृहस्थ. सिनात्रांच्या सेशनमध्ये व्हायोलिनांचं नेतृत्वही बहुधा तेच करत. ते अव्वल वादक होते, पुरस्काराला पात्रच होते. पण मतदारांपैकी कितीजण त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून वाजवत असतील याचा विचार करा, म्हणजे परिचय आणि गुणवत्ता इथे वेगळी करणं किती कठीण आहे ते कळेल. लबाडी लागत नाही. ज्याचं काम रोज ऐकतो त्याचं काम चांगलं आहे हे मतदाराला माहीत असतं. ज्याचं ऐकलंच नाही त्याला तो मत देत नाही.

खाने कसे आखले होते

२८ खान्यांची वाटणी बघा. अभिजात संगीताला सात, म्हणजे बरोबर पाव हिस्सा: वाद्यवृंद, कॉन्चेर्तो (वाद्यवृंदाच्या साथीने वाजवायची एकल रचना) वाजवणारा एकल वादक, इतर एकल वादक, चेंबर (मोजक्या वादकांचं संगीत), एकल गायन, ऑपेरा किंवा समूहगान, आणि अभिजात ध्वनिमुद्रण. जॅझला दोन. नृत्याच्या बँडला वेगळा खाना, वाद्यवृंदाला वेगळा. पाच मिनिटांहून लांब संगीतरचनेला स्वतंत्र खाना. र्‍हिदम अँड ब्लूजला एक. कंट्री अँड वेस्टर्नला एक. रॉक अँड रोलला शून्य, लोकसंगीताला शून्य.

खाना नसला की संगीत नाहीसं होत नाही, ते भलत्या खान्यात जाऊन बसतं. पहिल्या वर्षी हे दोनदा झालं. कॅलिफोर्नियाच्या किंग्स्टन ट्रिओने गायलेलं ‘टॉम डूली’ हे जुनं लोकगीत. त्याला जागा नव्हती म्हणून ते कंट्रीत गेलं आणि जिंकलं. हरलेल्यांत एव्हर्ली ब्रदर्स आणि डॉन गिब्सन, म्हणजे नॅशव्हिलमध्ये काम करणारी माणसं. दुसरं उदाहरण र्‍हिदम अँड ब्लूजचं. तो पुरस्कार द चॅम्प्स यांच्या ‘टकीला’ला मिळाला. सॅक्सोफोनवर चालणारी, मधेच एक शब्द ओरडून म्हणायची ती वाद्यरचना, नाचायला उत्तम. पण र्‍हिदम अँड ब्लूज ज्या कृष्णवर्णी कलावंतांनी घडवलं, त्यांच्या एकुलत्या एक खान्यात ती जिंकावी हे योग्य नव्हतं. नामांकनांत हॅरी बेलाफॉन्टे आणि नॅट किंग कोल होते. ते थोर गायक, पण त्या शैलीचे मुख्य प्रतिनिधी नव्हेत. म्हणजे चूक अंतिम मतदानात झालेली नाही. ती नामांकनाच्या फेरीतच झाली होती. अंतिम फेरीतल्या मतदाराला निवडायला योग्य नावच समोर नव्हतं.

यावरून त्या रात्री कृष्णवर्णी कलावंतांना काही मिळालं नाही असा समज करून घेऊ नका. एला फिट्झजेराल्ड यांनी दोन पुरस्कार घेतले: अर्व्हिंग बर्लिनच्या गीतांच्या अल्बमसाठी सर्वोत्तम गायिकेचा, आणि ड्यूक एलिंग्टनच्या गीतांसाठी जॅझमधल्या वैयक्तिक कामगिरीचा. काउंट बेसी यांनीही दोन घेतले, नृत्याच्या बँडचा आणि जॅझ समूहाचा, दोन्ही ‘बेसी’ या एकाच अल्बमसाठी. नील हेफ्टींच्या संयोजनांचा तो अल्बम आजही ऐकावा असा आहे. मतदारांना जी भाषा येत होती तिथे त्यांचा कान पक्का होता, हे या चार पुरस्कारांवरून दिसतं.

सिनात्रांचं काय झालं

त्या वर्षी सर्वाधिक नामांकनं त्यांचीच होती, सहा. मिळाला एक, तोही ‘ओन्ली द लोन्ली’च्या वेष्टनाचा, कलादिग्दर्शक म्हणून. लोक याला अपमान म्हणतात. मला त्यात आधी मतमोजणीचा प्रश्न दिसतो.

सहा नामांकनं मांडून बघा. वर्षातला अल्बम: ‘कम फ्लाय विथ मी’ आणि ‘ओन्ली द लोन्ली’, दोन्ही एकाच खान्यात. सर्वोत्तम गायक: ‘कम फ्लाय विथ मी’ आणि ‘विचक्राफ्ट’, पुन्हा दोन्ही एकाच खान्यात. वर्षातली रेकॉर्ड: ‘विचक्राफ्ट’. आणि वेष्टन. म्हणजे सहापैकी चार नामांकनांत ते स्वतःविरुद्धच उभे होते.

खान्यात पाच नामांकनं असतात आणि प्रत्येकाला एकच मत देता येतं. सर्वाधिक मतं मिळवणारा जिंकतो, अर्ध्याहून जास्त मिळवण्याची अट नाही. अशा रीतीत मतं सारखी विभागली गेली तर २० टक्क्यांहून किंचित जास्त मतांवर पुरस्कार मिळतो. समजा १०० मतदार आहेत आणि त्यांतल्या ३८ जणांना वर्षाचा उत्तम अल्बम सिनात्रांचाच वाटतो. २० जणांनी एका अल्बमला आणि १८ जणांनी दुसऱ्याला मत दिलं, तर २२ मतं मिळवणारा तिसरा अल्बम जिंकेल. हा नुसता हिशोब आहे. ग्रॅमीत मतांचे आकडे जाहीर करत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात असंच झालं असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. पण रचनेत ही फट होती हे निर्विवाद.

अल्बमचा पुरस्कार हेन्री मॅन्सिनी यांच्या ‘पीटर गन’ या गुप्तहेर मालिकेच्या संगीताला मिळाला. टीव्हीच्या पार्श्वसंगीताला जॅझचा बाज देणारं ते काम खरोखर नवं होतं. शिवाय ते हॉलिवूडच्या स्टुडिओ वादकांनी वाजवलेलं होतं. पियानोवर तरुण जॉन विल्यम्स होते, पुढे सिनेसंगीतात अजरामर झाले तेच. गायकाचा पुरस्कार ‘कॅच अ फॉलिंग स्टार’साठी पेरी कोमो यांना. योगायोग असा की मार्च १९५८ मध्ये अमेरिकी रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेने विक्रीसाठी दिलेली पहिली अधिकृत गोल्ड सिंगल हीच. विक्रीच्या निकषाला कंटाळून उभ्या राहिलेल्या संस्थेने विक्रीच्या पहिल्या मानकऱ्यालाच निवडलं, यात विसंगती नाही. खपलेलं वाईटच असतं असा त्यांचा दावा कधीच नव्हता.

ही फट बुजवायचे दोन उपाय आहेत. एका खान्यात एका कलावंताचं एकच काम घ्यायचं, किंवा पसंतीक्रमाने मतं घ्यायची, म्हणजे पहिली पसंती बाद झाली की मत दुसऱ्या पसंतीकडे जातं. नामांकनांची संख्या वाढवणं हा उपाय नव्हे. ग्रॅमीने मुख्य खान्यांतली नामांकनं २०१९ च्या सोहळ्यापासून आठ आणि २०२२ ला दहा केली, मग २०२४ ला पुन्हा आठवर आणली. आठ नामांकनांत साडेबारा टक्क्यांच्या थोडं वरही जिंकता येतं, म्हणजे फट उलट रुंदावते.

चिपमंकचा पुरस्कार का योग्य होता

चिपमंक म्हणजे अंगावर पट्टे असलेली अमेरिकी खार. ‘द चिपमंक साँग’ हे रॉस बॅगदासेरियन यांनी डेव्हिड सेव्हिल या नावाने काढलेलं १९५८ च्या नाताळातलं गाणं. त्याला विनोद, बालसंगीत आणि अभिजातेतर ध्वनिमुद्रण असे तीन पुरस्कार मिळाले. वर्षातल्या रेकॉर्डचं नामांकनही होतं. विनोद आणि बालसंगीत एकाच गाण्याला मिळाले याचं कारण खाने एकमेकांवर चढले होते, इतकंच. तिसरा पुरस्कार ध्वनिमुद्रक टेड कीप यांचा, आणि तो कष्टाने मिळवलेला आहे.

तत्त्व सोपं वाटतं. टेप निम्म्या वेगाने फिरवत आवाज मुद्रित करायचा आणि पूर्ण वेगाने वाजवायचा. सेकंदाला १५ इंच धावणाऱ्या यंत्रावर हे करायचं तर मुद्रण साडेसात इंचांवर. वेग दुप्पट झाला की प्रत्येक कंपनसंख्या दुप्पट होते, म्हणून स्वर नेमका एक सप्तक वर जातो, मध्य सप्तकातला सा तार सप्तकातला होतो, आणि वेळ निम्मा लागतो. तोंडाच्या पोकळीमुळे आवाजाला येणारा पोतही सोबत वर सरकतो, म्हणूनच माणूस वरच्या पट्टीत गातोय असं न वाटता लहानसा प्राणी गातोय असं वाटतं.

अडचणी इथून सुरू होतात. मिनिटाला १२० मात्रांची लय हवी असेल तर गायकाने ६० च्या लयीत गायचं, तेही सुरात आणि उत्साहाने. त्याला साथ ऐकवायची तर आधी मुद्रित केलेली साथ निम्म्या वेगाने वाजवावी लागते, म्हणजे ती एक सप्तक खाली आणि संथ ऐकू येते; त्या ढोल्या आवाजावर सूर धरायचा. यंत्राचा वेग सहा टक्के चुकला तर सूर एका अर्धस्वराने ढळतो. तीन टक्क्यांची चूकही कानाला सहज कळते. त्यामुळे मुद्रणाच्या आणि वाजवण्याच्या वेळचे वेग काटेकोर जुळलेले हवेत. गायकाचा नैसर्गिक कंप सेकंदाला पाच-सहा वेळा असतो. दुप्पट वेगाने तो दहा-बारा होतो आणि आवाज थरथरल्यासारखा लागतो, म्हणून सूर सपाट लावावा लागतो. स, श यांसारख्या व्यंजनांची तीव्र कंपनं आणखी वर जातात. त्या काळच्या एएम रेडिओवर आणि घरगुती प्लेअरवर तेवढं उंच फारसं पोचत नसे, म्हणून शब्द कळायला हवे असतील तर व्यंजनं मुद्दाम ठळक आणि लांबवून उच्चारावी लागतात. खोलीचा घुमारा आवाजासोबत मुद्रित झाला तर तोही निम्मा होतो आणि आवाज डब्यात कोंडल्यासारखा लागतो. घुमारा नंतर, पूर्ण वेगावर घालणं बरं.

त्यात तीन चिपमंक, तिन्ही एकाच माणसाचे, आणि सेव्हिलचा साध्या आवाजातला संवादही त्याचाच. थरावर थर चढवताना प्रत्येक वेळी टेपचा खरखराट वाढतो. संवादातला विनोद वेळेवर अवलंबून, आणि एक पात्र निम्म्या वेगात बोललेलं, दुसरं पूर्ण वेगात. हे सगळं रेडिओवर शब्द न् शब्द कळेल इतकं स्वच्छ उतरवणं ही पुरस्काराच्या तोलाची कारागिरी आहे. लिबर्टी कंपनीतल्या लोकांवरून तिन्ही खारींची नावं ठेवली होती: अ‍ॅल बेनेट यांच्यावरून आल्विन, साय वॉरोन्कर यांच्यावरून सायमन, आणि ध्वनिमुद्रक कीप यांच्यावरून थिओडोर.

इटालियन गाणं अमेरिकी पुरस्कारात कसं

दोमेनिको मोदुन्यो यांच्या ‘नेल ब्लू दिपिंतो दी ब्लू’ला, ज्याला सगळे ‘व्होलारे’ म्हणतात, वर्षातली रेकॉर्ड आणि वर्षातलं गाणं असे दोन्ही मुख्य पुरस्कार मिळाले. १९५८ च्या इटलीतल्या सान्रेमो गीतमहोत्सवात ते जिंकलं, युरोपीय देशांच्या युरोव्हिजन गीतस्पर्धेत तिसरं आलं, मग अमेरिकेत डेक्काने काढलं आणि त्या उन्हाळ्यात ते अव्वल क्रमांकावर पोचलं. ग्रॅमीचा निकष कलावंताचं राष्ट्रीयत्व नव्हता. रेकॉर्ड अमेरिकेत निघालेली असणं पुरेसं होतं. म्हणजे हा एका बाजारपेठेचा पुरस्कार.

दोन पुरस्कारांत गोंधळ मात्र नेहमी होतो. वर्षातली रेकॉर्ड हा विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा सन्मान. पहिल्या वर्षांत तो फक्त कलावंताला मिळे, निर्मात्याला त्यात वाटा १९६० च्या दशकाच्या मध्यापासून मिळू लागला. वर्षातलं गाणं हा रचनेचा सन्मान, तो गीत-संगीत करणाऱ्याला. मोदुन्यो दोन्हीकडे होते म्हणून पहिल्या वर्षी फरक दिसत नाही. दुसऱ्या वर्षी लगेच दिसतो: रेकॉर्डचा पुरस्कार ‘मॅक द नाइफ’साठी बॉबी डॅरिन यांना, गाण्याचा ‘द बॅटल ऑफ न्यू ऑर्लीन्स’साठी रचनाकार जिमी ड्रिफ्टवुड यांना.

तारखांचा घोळ आणि पुढची दुरुस्ती

‘१९५९ चा ग्रॅमी’ असं लिहू नका. १९५९ साली दोन सोहळे झाले. पहिला ४ मे रोजी, १९५८ च्या रेकॉर्डींसाठी. दुसरा २९ नोव्हेंबर रोजी, १९५९ च्या रेकॉर्डींसाठी, आणि तो टीव्हीवर दिसला. १९६० साली सोहळाच नाही. तिसरा थेट एप्रिल १९६१ मध्ये. त्यामुळे नुसत्या वर्षावरून कोणता सोहळा ते नक्की कळत नाही. सोहळ्याचा क्रमांक आणि कोणत्या वर्षीचं काम, दोन्ही लिहावं. थेट प्रक्षेपण तर १९७१ पासूनचं, त्यामुळे पहिल्या सोहळ्याचा म्हणून कोणी टीव्हीवरचा व्हिडिओ दाखवला तर तो नंतरचा आहे हे समजून जा.

जवळजवळ सात महिन्यांनंतरच्या त्या दुसऱ्या सोहळ्यात दुरुस्ती सुरू झालेली दिसते. लोकसंगीताचा खाना आला आणि तो किंग्स्टन ट्रिओनेच जिंकला, या वेळी स्वतःच्या घरात. नवोदितांचा खाना आला. र्‍हिदम अँड ब्लूज डायना वॉशिंग्टन यांना मिळाला. एल्विसना वर्षातल्या रेकॉर्डसाठी नामांकन मिळालं, तेव्हा ‘त्यांना कधी विचारलंच नाही’ हे विधान फक्त पहिल्या सोहळ्यापुरतं खरं आहे. रॉक अँड रोलचा खाना मात्र १९६२ च्या सोहळ्यात उगवला, आणि पहिला मान ‘लेट्स ट्विस्ट अगेन’साठी चबी चेकर यांना. नॅशव्हिलची शाखा १९६४ ची. पुढच्याच वर्षीच्या सोहळ्यात कंट्रीच्या एका खान्याचे सहा झाले आणि रॉजर मिलर पाच पुरस्कार घेऊन गेले. आधी शाखा, मग खाने, मग निकाल, हा क्रम पुढेही वारंवार दिसतो.

भारतीय संगीताचा ग्रॅमीतला प्रवास याच दृष्टीने पाहिला तर स्वच्छ कळतो. १९६८ च्या दहाव्या सोहळ्यात पंडित रविशंकर आणि यहुदी मेन्युहिन यांच्या ‘वेस्ट मीट्स ईस्ट’ला पुरस्कार मिळाला तो चेंबर संगीताचा, कारण रागसंगीताला जवळचा तोच एक खाना होता. वर्ल्ड म्युझिक अल्बमचा खाना १९९२ च्या सोहळ्यात आला आणि पहिल्याच वर्षी तो मिकी हार्ट यांच्या ‘प्लॅनेट ड्रम’ने घेतला, त्यात माहीमचे उस्ताद झाकीर हुसेन आणि घटमवादक विक्कू विनायकराम होते. ४ फेब्रुवारी २०२४ च्या सोहळ्यात झाकीरभाईंना तीन पुरस्कार मिळाले. एक ‘शक्ती’ या बँडच्या ‘धिस मोमेंट’साठी, ज्यात शंकर महादेवन गातात; तो ग्लोबल म्युझिक अल्बमचा. उरलेले दोन बेला फ्लेक, एडगर मायर आणि बासरीवादक राकेश चौरसिया यांच्यासोबतच्या ‘अ‍ॅज वी स्पीक’ या एकाच अल्बमसाठी होते. त्यातली ‘पश्तो’ ही रचना ग्लोबल म्युझिकच्या खान्यात जिंकली, आणि अख्खा अल्बम समकालीन वाद्यसंगीताच्या खान्यात, जिथे देशाचा किंवा परंपरेचा शिक्का लागत नाही.